एक एकर आठ गुंठे गेले कुठे?

गेल्या दिवाळीत मी आमच्या घरातली सगळ्यात कामाची मुलगी होते. म्हणजे निदान दुपारी चारपर्यंत तरी!

झालं असं, की पाडव्याला आम्ही सगळे गावाला जमलो होतो. गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे. आजी-आजोबा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यामागे चार भावंडं : थोरली आत्या, बाबा, काका आणि धाकटी आत्या. जमिनीच्या वाटणीचा विषय दर दिवाळीला निघायचा आणि फराळाच्या ताटांबरोबर आत जायचा. या वेळी मी म्हटलं, ‘‘थांबा, मी शीट बनवते.’’ मी फ्रीलान्स पत्रकार. मासकॉमची डिग्री, मांडीवर लॅपटॉप आणि अंगात उत्साह. अजून काय पाहिजे?

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि आमच्या घरात हेक्टर कुणाला कळत नाही. म्हणून मी आजोबांची जुनी वही उघडली. त्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तीन नोंदी होत्या. माळावरचं १.३२, ओढ्याकाठचं खाचर ०.३६, घरामागचं १.१२. मी तिन्ही आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकले, बेरजेचं बटण दाबलं. उत्तर आलं २.८०. भागिले चार, ०.७० एकर. म्हणजे अठ्ठावीस गुंठे. कॉलम रंगवले, वर ठळक अक्षरात ‘वाटणी’ लिहिलं आणि पौडला जाऊन चार प्रिंटआउट काढून आणले.

काकांनी कागद लांब धरून पाहिला. भुवया जरा वर गेल्या. पण ‘कॉम्प्युटरनं काढलंय म्हणजे बरोबरच असणार’ असं म्हणून त्यांनी तो खिशात ठेवला. बाबांनी तर पाहिलाही नाही, लेकीचं कौतुक तेवढं केलं. थोरली आत्या मात्र बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चहा न घेताच निघाली.

नवव्या दिवशी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, ‘‘लेकीबाळींच्या वाट्याला कमी येतं, हे मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे गं. पण तो कागद तू करशील असं वाटलं नव्हतं. मी लहानपणापासून चार एकर ऐकत आले. तुझ्या कागदावर ती पावणेतीनच कशी झाली?’’

मी गार. खरं सांगते, एवढा वेळ मला वाटत होतं की मी तिची बाजू घेतेय. २००५च्या कायदा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि २०२०मध्ये सुप्रीम कोर्टानं तो आणखी स्पष्ट केला, हे भाषण घरात मीच ठोकलं होतं! शीटमध्ये चारही भाग सारखेच होते. मग आत्याचे गुंठे गेले कुठे?

*

दुसऱ्या दिवशी मी हिंजवडीत होते. माझा चुलत दादा तिथे डेटाबेसवर काम करतो. गंमत बघा, हिंजवडी म्हटलं की आपल्याला काचेच्या इमारती, ट्रॅफिक आणि वीकएन्डची वाट बघणारे चेहरे आठवतात. पण ते आयटी पार्क आणि आमची भातखाचरं एकाच मुळशी तालुक्यात आहेत. दादा घोटावडे फाट्यावरून तासाभरात ऑफिसला पोचतो. ट्रॅफिकनं साथ दिली तर!

कॅन्टीनमध्ये मी लॅपटॉप उघडला. दादा आधी हसला तो भलत्याच गोष्टीला. ‘‘ही जमीन बारा मार्चची का?’’

बघते तर खरंच. ओढ्याकाठच्या खाचराचा सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन. मी १२/३ टाइप केलं होतं. स्प्रेडशीटला वाटलं तारीख, तिनं परस्पर ‘१२ मार्च’ करून टाकलं. आणि मी ते प्रिंटही केलं होतं. शाब्बास!

‘‘लाजू नकोस,’’ दादा म्हणाला, ‘‘जगातले शास्त्रज्ञ यात सापडलेत.’’ खरी गोष्ट आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा धाटणीची होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या, आणि अशा चुका छापील शोधनिबंधांपर्यंत गेल्या. शेवटी २०२०मध्ये, जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं त्या जनुकांची नावंच बदलली. एक्सेलनं ही आपोआप बदलायची सवय बंद करण्याची सोय दिली ती २०२३मध्ये. म्हणजे आधी माणसाच्या जनुकानं नाव बदललं, मग सॉफ्टवेअरनं सवय!

मग दादानं १.३२वर बोट ठेवलं. ‘‘हे काय आहे?’’

‘‘एक पूर्णांक बत्तीस शतांश एकर.’’

‘‘आजोबा शतांश लिहायचे?’’

आणि तिथे माझी ट्यूब पेटली. आजोबांचं टिंब हे दशांशचिन्ह नव्हतंच! टिंबाच्या आधी एकर, नंतर गुंठे. १.३२ म्हणजे एक एकर बत्तीस गुंठे. आणि एकरात गुंठे शंभर नसतात, चाळीस असतात. दादानं टिश्यू पेपरवर मांडलं. एक एकर बत्तीस म्हणजे ७२ गुंठे. खाचर ३६. घरामागचं एक एकर बारा, म्हणजे ५२. बेरीज १६० गुंठे. भागिले चाळीस, चार एकर. अगदी काटेकोर चार. प्रत्येकाच्या वाट्याला एक-एक एकर.

माझ्या कागदानं प्रत्येकाचे बारा गुंठे खाल्ले होते. चौघांचे मिळून अठ्ठेचाळीस, म्हणजे एक एकर आठ गुंठे. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट. त्या हिशेबानं बावन्न हजारांहून जास्त चौरस फूट जमीन मी एका बटणात गायब केली होती. आणि कॉम्प्युटरनं एकही एरर दाखवली नव्हती!

*

‘‘एरर का नाही आली?’’ हा माझा पत्रकारी प्रश्न. दादाचं उत्तर मला अजून आठवतंय. ‘‘कारण तू त्याला आकडा दिलास. कशाचा आकडा, ते कुठे सांगितलंस?’’

तर मंडळी, थोडं टेक्निकल. घाबरू नका, मीसुद्धा घाबरले नाही.

डेटाबेस म्हणजे प्रत्येक ऑफिसच्या पोटात असलेलं ते कपाट, ज्यात आपला पगार, रजा, पत्ता सगळं कप्प्याकप्प्यात ठेवलेलं असतं. प्रत्येक कप्पा कुठल्या प्रकारचा, हे आधी ठरवावं लागतं. यालाच डेटा टाइप म्हणतात. पूर्णांक, दशांश, मजकूर, तारीख, हो किंवा नाही, असे नेहमीचे प्रकार डेटाबेस शिकूनच येतो. त्याला ठाऊक असतं, की दोन आकड्यांची बेरीज होते, दोन नावांची होत नाही. तीस फेब्रुवारी ही तारीख नसते. एकर-गुंठे मात्र त्याला कुणी शिकवलेले नसतात. मग ते मजकूर म्हणून ठेवले तर बेरीज होत नाही आणि दशांश म्हणून ठेवले तर चुकीची होते. माझ्यासारखी!

सर्व्हे नंबरचंही तेच. मजकूर म्हणून ठेवला तर निदान त्याची तारीख होत नाही, पण रांग लावताना १२/१० हा १२/२च्या आधी येतो. कारण अक्षरं लावताना एक हा दोनच्या आधी, एवढंच त्याला कळतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये मायकेल स्टोनब्रेकर नावाच्या प्राध्यापकानं १९७०च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर ‘इन्ग्रेस’ नावाचा डेटाबेस बनवला. पुढे त्यात तारखेचा प्रकार आला. नेहमीचं कॅलेंडर, लीप इयर, सगळं बरोब्बर. तरी वॉल स्ट्रीटवरच्या एका ग्राहकाची तक्रार आली, की तुमची तारखांची वजाबाकी चुकते! स्टोनब्रेकर हा किस्सा नेहमी सांगतात. झालं होतं असं, की काही बाँडच्या व्याजाच्या हिशेबात प्रत्येक महिना तीसच दिवसांचा धरतात. पंधरा फेब्रुवारी ते पंधरा मार्च हे कॅलेंडरला अठ्ठावीस दिवस, बाँडवाल्याला तीस. कॅलेंडर बरोबर, ग्राहकही बरोबर. फक्त त्याची ‘वजाबाकी’ वेगळी होती, आणि ती डेटाबेसला शिकवायची सोय नव्हती.

नकाशांचंही हेच रडगाणं होतं. ठिकाणं, रेषा, तुकड्यांचे आकार हे आकडे आणि मजकुराच्या कप्प्यात काही केल्या बसेनात. मग १९८६मध्ये स्टोनब्रेकरनी नवा प्रकल्प काढला. इन्ग्रेसच्या नंतरचा, म्हणून नाव ‘पोस्टग्रेस’. त्यामागची एक मोठी कल्पना साधी होती. सगळे प्रकार आम्ही बनवणार नाही, कारण जगात किती प्रकारची माणसं काय काय मोजतात ते आम्हाला कळणारच नाही. आम्ही खिडकी ठेवतो, तुमचा प्रकार तुम्ही आणून जोडा. आज हाच डेटाबेस ‘पोस्टग्रेस-एसक्यूएल’ या नावानं जगभर फुकट वापरला जातो. स्टोनब्रेकरना २०१४चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तो कॉम्प्युटरवाल्यांचा नोबेल समजतात.

नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्याही या कल्पनेच्या मागे लागल्या. इन्फॉर्मिक्सनं अशा जोडणीला ‘डेटाब्लेड’ म्हटलं, रेझरमध्ये ब्लेड बसवावं तसं. ओरॅकलनं ‘कार्ट्रिज’ म्हटलं, आयबीएमनं ‘एक्स्टेंडर’. पोस्टग्रेसमध्ये त्याला ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. आपल्या भाषेत, प्लगइन!

*

दादानं पुढच्या रविवारी मला एक गंमत दाखवली. त्यानं ‘एकर-गुंठा’ नावाचा प्रकार लिहिला होता. प्लगइनमध्ये असतं तरी काय? मला वाटलं होतं काहीतरी भारी जादू असेल. तसं काही नाही. नव्या सुनेला घरची रीत शिकवावी, तशी चार गोष्टींची शिकवणी.

पहिली, आत कसं घ्यायचं. कुणी १.३२ लिहिलं की आत ७२ गुंठे म्हणून ठेवायचं. गुंठे चाळीस किंवा जास्त दिसले की तिथल्या तिथे नाकारायचं. दुसरी, बाहेर कसं दाखवायचं. आत ७२ असले तरी पडद्यावर आजोबांसारखं १.३२च दिसलं पाहिजे. तिसरी, हिशेब. बेरीज म्हणजे काय, मोठं कुठलं आणि लहान कुठलं. अख्ख्या कॉलमची बेरीज हीसुद्धा वेगळी शिकवावी लागते, बरं का! चौथी, रांग कशी लावायची, म्हणजे लाखो नोंदींतून पाहिजे ती पटकन सापडेल.

हे सगळं एका पुडक्यात बांधायचं आणि ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ अशी एका ओळीची आज्ञा द्यायची. पोस्टग्रेसमध्ये ही पुडकं बांधायची सोय २०११मध्ये आली. त्यानंतर डेटाबेसला एकर-गुंठे हे आकडा आणि तारखेइतकेच घरचे वाटतात.

मी मुद्दाम माझं जुनं उत्तर, २.८०, टाइप केलं. लगेच लाल ओळ. ऐंशी गुंठे असूच शकत नाहीत! जे उत्तर मी रंगवून, ठळक करून, चार प्रती काढून घरच्यांना दिलं होतं, ते या डेटाबेसनं दारातच अडवलं.

मग १.५ टाकलं. तेही नाकारलं. ‘‘हे का?’’ मी विचारलं. दादा म्हणाला, ‘‘एक एकर पाच गुंठे की दीड एकर? मला ठाऊक नाही, मग मशीनला कसं असेल? पाच असेल तर ०५ लिहा. जिथे शंका आहे तिथे अंदाज करायचा नाही, माणसाला विचारायचं.’’ हे वाक्य मी माझ्या डेस्कवर चिकटवून ठेवलंय.

एकदा ही खिडकी उघडली की बाहेर केवढं जग आहे, ते मला त्या दिवशी कळलं. कॅनडातल्या एका कंपनीनं २००१मध्ये ‘पोस्टजीआयएस’ हे एक्स्टेन्शन आणलं आणि डेटाबेसला नकाशा कळू लागला. हा तुकडा त्या ओढ्याला लागून आहे का, असं त्याला थेट विचारता येतं. ‘आयएसएन’ नावाचं एक्स्टेन्शन पुस्तकांचे आयएसबीएन क्रमांक ओळखतं, शेवटचा तपासणीचा अंक जुळला नाही तर हरकत घेतं. आणि आपण सगळे हल्ली ज्या एआयच्या मागे लागलोय, त्याच्या शेकडो आकड्यांच्या लांबलचक रांगा ठेवायला आणि त्यातल्या एकमेकींच्या जवळच्या शोधायला २०२१मध्ये ‘पीजीव्हेक्टर’ आलं. नवा प्रकार, जुनी खिडकी.

अर्थात सगळं गोड नाही. प्लगइन म्हणजे आपणच आणलेलं जोडकाम. डेटाबेसची नवी आवृत्ती आली की ते पुन्हा तपासा. डेटा दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर आधी प्लगइन तिथे न्या, नाहीतर नवा डेटाबेस तुमचे एकर-गुंठे ओळखणारच नाही. भाड्याच्या क्लाउडवर तर घरमालक ठरवतो, कुठलं एक्स्टेन्शन चालेल आणि कुठलं नाही. आणि आतला कोड चुकला तर अख्खा डेटाबेस कोसळू शकतो.

‘‘मग तीन ओळींसाठी एवढं कशाला केलंस?’’ मी विचारलं.

‘‘तुझ्या तीन ओळींना याची अजिबात गरज नाही. एक कॉलम एकर, एक कॉलम गुंठे, संपलं. सर्व्हे नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करायचा आणि मग टाइप करायचं. पण पन्नास माणसं पन्नास गावांच्या नोंदी भरत असतील, तर एकरात चाळीस गुंठे हे प्रत्येकानं लक्षात ठेवायचं का? त्यापेक्षा नियम एकाच जागी लिहावा, आणि तो डेटाच्या शेजारीच राहावा.’’

*

परत येताना मी मुळशीच्या पाण्याचा विचार करत होते. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. तरी धरण झालंच, आणि आंबेमोहोर पिकवणारी खाचरं पाण्याखाली गेली. भरपाईच्या कागदावर जमिनीला एकच प्रकार होता, रुपये. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र तिला नावं होती, बांध होते, आजोबा-पणजोबा होते. त्या कागदांवरची बेरीज अगदी बिनचूक असली, तरी मोजायचं काय हे आधीच कुणीतरी ठरवलेलं होतं. आणि ते ठरवणारा खाचरात उभा नव्हता.

मी तरी दुसरं काय केलं होतं? आजोबांचं टिंब माझ्या शाळेतल्या टिंबासारखंच असणार, असं मी गृहीत धरलं. कुणाला विचारलंही नाही. घरात चार माणसं बसली होती, चौघांनाही चार एकर माहीत होते!

नवा कागद घेऊन मी आत्याकडे गेले. या वेळी सातबाऱ्याशीही ताडून घेतलं होतं. चार एकर म्हणजे साधारण १.६१.८७, एक हेक्टर एकसष्ट आर सत्त्याऐंशी चौरस मीटर. जुळलं. आत्यानं चष्मा लावला, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

‘‘आत्या, चूक माझी होती गं,’’ मी म्हटलं. ‘‘मुद्दाम नव्हती.’’

‘‘ते आता कळलं. पण नऊ दिवस मला झोप नव्हती पोरी. मनात म्हटलं, विचारावं तर भाऊ म्हणतील, हिला जमिनीची हाव सुटली.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठल्याच प्लगइनकडे नसेल.

मग मी तिला तो प्रश्न विचारला, जो घरात सगळ्यांच्या मनात होता आणि कुणीच विचारला नव्हता. बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतील, असं सगळे धरूनच चालले होते. ‘‘तू हक्कसोड करणार आहेस का?’’

आत्या उठली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, ‘‘ते मी ठरवेन. अजून ठरवलं नाही. पण सोडायचंच झालं तर अख्खा एक एकर सोडेन. अठ्ठावीस गुंठे नाही.’’

या वेळी चहा आम्ही दोघींनी घेतला.